आबांच्या नोटिशी

मी जात्याच भित्री. लहानपणच्या आठवणी लिहायला बसलेय हे कळल्यावर नवरा म्हणाला, "अजून चाळिशी गाठली न्हाय आन् आठवणी? आन् तुझ्या आठवणी म्हंजी काय, कुत्रं मागं लागलं, इंचू निघाला, ईज कडाडली." म्हणू दे. कुत्र्याची आणि विंचवाची भीती येऊन जाणारी असते. एक भीती मात्र आमच्या घरी रोज ठरल्या वेळी यायची, सकाळी साडेसातला, दुधाच्या गाडीतून. बारामती-इंदापूर रस्त्यापासून दीडेक किलोमीटर आत आमची वस्ती. गाडीवाला रिकामे कॅन खडखडत उतरवायचा, भरलेले चढवायचा आणि फाट्यावरच्या टपरीवाल्या बापूरावांनी दिलेला पेपर गोठ्याच्या दारात टाकून जायचा. आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, तोवर दोनदा अंगणात येऊन रस्त्याकडे बघून गेलेले असायचे. पेपर हातात आला की ते पहिल्या पानाकडे ढुंकूनही बघत नसत. कुणाचं सरकार आलं, कोण पडलं, कुठे किती पाऊस झाला, सगळं बाजूला. थेट मागची पानं उघडायची आणि जाहीर नोटिशींवर बोट ठेवायचं. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की', इथून सुरू. सगळ्या नोटिशी संपल्या, आपला गट नंबर कुठे नाही हे कळलं, की मग त्यांचा श्वास मोकळा व्हायचा आणि ते आईला हाक मारायचे, "टाक गं च्या." तोवर चहासुद्धा नाही.

दादा, म्हणजे माझे वडील, त्यांची चेष्टा करायचे. "आबा, लोकं पेपर पुढनं वाचत्यात, तुमी शेपटाकडनं." आबा हसायचे नाहीत. कऱ्हाटीला त्यांचे मेव्हणे होते. त्यांच्या विहिरीतला निम्मा हिस्सा भाऊबंदाने परस्पर विकला होता. त्याची नोटीस रीतसर पेपरात आली होती, पण त्या आठवड्यात मेव्हणे लेकीच्या लग्नाच्या गडबडीत होते आणि पेपर कुणी उघडलाच नव्हता. पुढे बारा वर्षं ते कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले. आबा त्यांच्या सोबतीला जायचे, म्हणून त्या पायऱ्या त्यांच्याही पायांना माहीत होत्या. आणि आमची जमीनही तशीच होती. आबा आणि त्यांचे थोरले भाऊ यांनी तरुणपणी बांधावर उभं राहून तोंडी वाटणी केली. ओढ्याकडची बाजू आणि विहीर आबांकडे, रस्त्याकडची बाजू थोरल्यांकडे. दोघांत कधी तंटा झाला नाही. पण सातबाऱ्यावर सगळी नावं एकाच गटात एकाखाली एक होती. थोरले वारले, त्यांचा मुलगा, आम्ही त्याला नानाकाका म्हणायचो, पुण्याला स्थायिक झाला. बांध जमिनीवर होता, कागदावर नव्हता. आबांची सगळी भीती या एका वाक्यात मावत होती आणि ते वाक्य ते दर दिवाळीला दादांना ऐकवायचे. दादा म्हणायचे, "करू की मोजणी, कुठं पळून चाललीय जमीन." मग ऊस तोडणीला यायचा, बाग छाटणीला यायची आणि मोजणी राहून जायची.

मी बारावीत असताना आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. शस्त्रक्रिया झाली, पण बारीक अक्षर काही दिसेना. तेव्हा नोटिशी वाचायचं काम माझ्याकडे आलं. चुलीपुढे आई बाजरीच्या भाकरी थापायची, तिच्या बांगड्यांचा आणि परातीचा आवाज एका तालात चालायचा, तव्यावर शेंगदाण्याचा ठेचा परतत असायचा, आणि त्या खमंग वासात बसून मी खोकत खोकत वाचायची, 'तुकडी पुणे, पोटतुकडी इंदापूर, चतुःसीमा येणेप्रमाणे.' चतुःसीमा या शब्दाला मी हमखास अडखळायची. अशील म्हणजे काय हे मला त्या चुलीपुढेच कळलं. आबा डोळे मिटून ऐकायचे. गावाचं नाव आलं की त्यांची बोटं थांबायची, गट नंबर आला की डोळे उघडायचे. आणि एवढ्या दिवसांत त्यांची भीती माझ्यातही उतरली. आमच्या गावाचं नाव दिसलं की पुढचं वाचायच्या आधी मी आबांकडे बघायची. नंबर दुसऱ्या कुणाचा निघाला की मला आनंद व्हायचा, आणि दुसऱ्याच्या घरी काय होणार असेल याचं काहीही वाटायचं नाही. आज त्याची लाज वाटते.

मग एक दिवस दुधाच्या गाडीतून पेपर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आबांनी मला फाट्यावर पाठवलं. बापूरावांची टपरी तीच होती, पण पेपरच्या दोरीवर आता वेफर्सच्या पुड्या लटकत होत्या. "न्हाय गं पोरी," ते म्हणाले. "पूर्वी चाळीस जायचे, आता तीन घरं घेत्यात. तिघांसाठी टेम्पो हितं थांबत न्हाय. समदे फोनात बघत्यात. तुज्या भावाला सांग की." माझा थोरला भाऊ सागर बारामतीला डिप्लोमाला होता आणि त्याच्याकडे नवा टचस्क्रीन मोबाईल आला होता. त्याने आबांपुढे बोट फिरवून पेपरचं पहिलं पान दाखवलं, मोठं करून दाखवलं, लहान करून दाखवलं. आबांना ते सगळं धुरकट दिसत होतं. त्यांनी एकच विचारलं, "ह्यात नोटिशी बी येत्यात का?"

"सगळं येतं आबा. जगातलं सगळं," सागर म्हणाला.

जगातलं सगळं येत होतं. नोटिशी येत नव्हत्या. सागर सुट्टीत तोच फोन मला देऊन स्वतः दुसरा घेऊन गेला. पहिल्याच सकाळी मी चुलीपुढे बसून त्यात शोध शोध शोधलं. नटीचं लग्न होतं, क्रिकेट होतं, वजन कसं कमी करावं हे होतं, पण 'तमाम लोकांस' कुठेच नव्हतं. आबा डोळे मिटून वाट बघत होते. आईची भाकरी तव्यावर फुगत होती. मी म्हणाले, "आज काय न्हाय आबा." त्यांनी श्वास सोडला आणि चहा मागितला. दुसऱ्या दिवशीही मी तेच म्हणाले. मला वाटलं होतं की सागर आला की त्याला विचारीन, कुठेतरी असेलच ते पान, मलाच सापडत नसेल. सागर आला आणि गेला. विचारायचं राहून गेलं, आणि पुढे पुढे तर मी फोन उघडतही नव्हते. पीठ मळता मळता म्हणायची, "न्हाय आबा, काय न्हाय." वर्ष असंच गेलं. खोटं बोलायची भीती पहिले चार दिवस वाटते. मग सवय होते, आणि मला त्या सवयीचीच भीती वाटायला हवी होती.

त्या वर्षी मार्गशीर्षातच थंडी कडक पडली. आमची द्राक्षबाग ओढ्याकडच्या बाजूला, विहिरीच्या अंगाला, दोन एकर. मण्यांत पाणी उतरायला लागलं की थंडीने मणी गुलाबी पडतात, मग व्यापारी नाक मुरडतो. म्हणून प्रत्येक घडाला पेपर गुंडाळायचा आणि स्टेपलरने पिन मारायची. दोन एकरांत हजारो घड. बायकांचा घोळका बागेत शिरला की दिवसभर नुसती टक टक टक, मधूनच कुणाची तरी हसण्याची लकेर, आणि वेलींखाली वाकून वाकून सगळ्यांच्या माना अवघडलेल्या. पूर्वी घरचीच रद्दी निम्म्या बागेला पुरायची. त्या वर्षी घरात पेपर नव्हता, तसा गावातही नव्हता, म्हणून दादांनी बारामतीच्या रद्दीवाल्याकडून टेम्पोभर रद्दी आणली. वेगवेगळ्या नावांचे पेपर, काहींची नावं आम्ही कधी ऐकलीही नव्हती. दुकानांतले, कचेऱ्यांतले. बरेचसे असे की घडीसुद्धा मोडलेली नव्हती. आबांना डोळ्यांमुळे बागेत काम जमत नसे, पण हात स्वस्थ बसू देत नसत. ते बांधावर पोतं अंथरून बसायचे आणि विळ्याने पेपर कापायचे. एका पानाचे चार तुकडे. वरचे एका पाटीत, खालचे दुसऱ्या पाटीत. नुसत्या हाताच्या अंदाजाने कापायचे, पण तुकडे अगदी सारखे. पन्नास वर्षं नोटिशी वाचलेला माणूस आता न बघता पेपर कापतो, असं दादा कौतुकाने म्हणाले होते. ते वाक्य मला आजही टोचतं.

मला घडाला लावायच्या आधी तुकडा वाचायची खोड होती. बायका हसायच्या, "रुपी पेपर लावती का पेपर देती?" तिसऱ्या दिवशी सकाळी, दव अजून पानांवर होतं, मी एक तुकडा उचलला आणि त्याच्या तळाशी दिसलं, 'जाहीर नोटीस'. जुन्या सवयीने मी वाचायला लागले. तमाम लोकांस. तुकडी पुणे, पोटतुकडी इंदापूर. आमच्या गावाचं नाव. मी आबांकडे बघितलं आणि मग पुढचं वाचलं. गट नंबर एकशे सत्त्याऐंशी, आमचाच. 'पैकी चतुःसीमा येणेप्रमाणे : पूर्वेस ओढा, दक्षिणेस विहीर व त्यातील हिस्सा', आणि तिथे तुकडा संपला होता. विळ्याने सरळ रेषेत कापलेला. मी मान वर केली. पूर्वेला ओढा होता. दक्षिणेला विहीर होती, मोटर चालू होती. मी ज्या वेलीखाली उभी होते, तीच जागा त्या कागदावर छापलेली होती.

मी दादांना बांधाच्या पलीकडे नेऊन तुकडा दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. स्टेपलर त्यांच्या हातातच होता, तो ते रिकामाच टकटकवत होते. "कोन इकतंय? कुनाला? कवाची हाय?" ते म्हणाले. काहीच कळत नव्हतं. विकणाऱ्याचं नाव, वकिलाचा पत्ता, तारीख, मुदत, सगळं खालच्या तुकड्यावर गेलं होतं. पानाच्या माथ्यावरची पेपरची तारीख आणि नावही शेजारच्या तुकड्यावर. अशा नोटिशीची मुदत कुठे सात दिवस, कुठे चौदा, कुठे एकवीस. हा कागद परवाचा होता की गेल्या उन्हाळ्यातला, हे सांगायला जगात एकच गोष्ट होती, आणि ती आमच्याच बागेत कुठल्यातरी घडाला गुंडाळलेली होती.

पेपर कापण्याचा आवाज थांबला होता. आबा बांधावरून म्हणाले, "काय झालं रं?" त्यांना आमच्या आवाजावरून कळलं असावं. मग मीच वाचून दाखवलं, आणि या वेळीही चतुःसीमाला अडखळले. आबांनी डोळे उघडले. मला वाटलं ते विचारतील, रुपे, तू रोज काय वाचत होतीस? मी त्या प्रश्नाची वाट बघत उभी होते. त्यांनी मांडीवरच्या विळ्याकडे बघितलं. "म्याच कापली व्हय," ते म्हणाले. आणि मग फक्त एवढंच, "कितवा दिस हाय बघा आधी."

खालचे तुकडे आदल्या दिवशी बायकांना दिले होते. त्यांनी विहिरीकडच्या सहा-सात ओळी लावल्या होत्या. दादांनी मला दटावून ठेवलं की बायकांत खरं बोलायचं नाही, दुपारपर्यंत भावकीत बोभाटा होईल आणि पुण्याला फोन जाईल. मग काय सांगायचं? आईने सांगून टाकलं की रुपीच्या परीक्षेची कसली जाहिरात चुकून रद्दीत गेली. एकजण लगेच म्हणाली, "परीक्षेची का नवऱ्याची?" सगळ्या खिदळल्या. मीही हसले, आणि हसता हसता रडू येईल की काय याची भीती वाटली. आम्ही पेपर उकलायला लागलो. पिन काढायची, कागद सरळ करायचा, दोन्ही बाजू बघायच्या, परत गुंडाळायचा. एका ओळीत शेकडो घड. घाईने ओढलं तर मणी गळतात, आणि प्रत्येक गळलेल्या मण्याला दादा जिभेने च्यक करायचे, मग स्वतःच घाई करायचे. ऊन चढत होतं. आबा बांधावरून दर थोड्या वेळाने विचारत होते, "घावलं का?" मी म्हणायची, "न्हाय आबा." वर्षभर ज्या सुरात म्हटलं होतं तोच सूर निघायला लागला, तेव्हा मला स्वतःचीच भीती वाटली.

दीड ओळ झाली असेल. आमच्याकडे कायम कामाला येणारी सुभद्रामावशी, जिला अक्षर एक येत नव्हतं, माझ्याजवळ आली. "दाव बरं मला ती तुजी जाहिरात," म्हणाली. मी म्हटलं, "मावशी, तुला काय कळणार?" तिने माझ्या हातातला तुकडा घेतला, नोटिशीकडे बघितलंही नाही, उलटा केला. मागच्या बाजूला कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. फेटा बांधलेलं, मिशा पिळलेलं मोठं मुंडकं, आणि मानेखाली काहीच नाही. "आत्ता गं बया," सुभद्रामावशी म्हणाली, "ह्याचं धड म्या लावलंय! पांढरा सदरा, गळ्यात हार, हात जोडल्यालं आन् मुंडकंच न्हाय. मला भ्याव वाटलं म्हनून म्या ते आतल्या अंगाला घातलं." ती तशीच तरातरा विहिरीकडे गेली. तिसऱ्या ओळीत, शेवटून चौथ्या-पाचव्या वेलीपाशी तिने दोन-तीन घड चाचपले आणि एक उकलला. बिनमुंडक्याचा माणूस हात जोडून उभा होता. मी कागद उलटा केला.

नानाकाकाचं नाव होतं. 'लेखी पुराव्यासह चौदा दिवसांचे आत हरकत नोंदवावी, अन्यथा सदर मिळकतीवर कोणाचाही हक्क नाही असे समजून व्यवहार पूर्ण करण्यात येईल.' बारामतीच्या एका वकिलांचं नाव, पत्ता, आणि तारीख. आबांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. एकदा तेरा आले. मग छापल्याचा दिवस धरून मोजलं, चौदा आले. "पयला दिस धरत्यात का न धरत्यात?" त्यांनी दादांना विचारलं. दादांना माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे मुदत उद्या संपत होती किंवा आज संध्याकाळी.

पुढे एका वकीलबाईंनी मला समजावलं की चौदा दिवस उलटले म्हणून काही हक्क जागीच मरत नाही. असेल. पण खरेदीखत एकदा झालं असतं, तर कऱ्हाटीच्या मेव्हण्यांसारख्या आमच्याही बारा वर्षांच्या पायऱ्या सुरू झाल्या असत्या, आणि आबांकडे बारा वर्षं नव्हती. त्या दुपारी आम्हाला एवढंच माहीत होतं की ही बाग आज रात्रीनंतर आपली असेल की नाही हे सांगता येत नाही.

दुधाचा टेम्पो दुपारच्या धारेला यायला वेळ होता, म्हणून दादांनी ओळखीच्या एकाची जीप मागून आणली. आबा मागे राहायला तयार झाले नाहीत. त्यांनी धुवट धोतर नेसलं, कपाटातली जुन्या सातबाऱ्यांची आणि पावत्यांची पिशवी छातीशी धरली. मी हरकत जीपमध्येच वहीच्या पानावर लिहिली. गाडी उसळली की अक्षर उसळायचं. मजकूर मला कुणी सांगावा लागला नाही, एवढ्या नोटिशी वाचल्या होत्या की ती भाषा हातातच होती. बारामतीत वकिलांचं ऑफिस सापडलं तेव्हा कारकून शटर अर्ध्यावर ओढत होता. आबा त्या अर्ध्या शटरखालून वाकून आत शिरले. आम्ही मागोमाग.

वकील तरुण होते, बोलायला सभ्य. त्यांनी दोन्ही तुकडे टेबलावर जोडून बघितले, त्यांवरच्या पिनांच्या भोकांकडे बघितलं, मण्यांचा चिकट डाग बघितला, आणि त्यांना हसू आवरेना. "हे तुम्हाला कुठे मिळालं?"

"द्राक्षाला लावलं व्हतं," आबा म्हणाले.

वकिलांनी हरकत वाचली, आमच्या प्रतीवर शिक्का मारून पोहोच दिली. मग चष्मा काढून म्हणाले, "आजोबा, खरं सांगू? मी वकिली सुरू केल्यापासून माझ्या नोटिशीवर आलेली ही पहिली हरकत. पेपर वाचतं कोण आता?"

"मग देता कशापायी?" आबांनी विचारलं.

"छापून आली पाहिजे. एवढंच. कुणी वाचली पाहिजे असं थोडंच आहे?" ते सहज बोलले. त्यांच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं, म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटली. फिर्यादी, साक्षीदार, भाऊबंद, सगळे आपापल्या फोनमध्ये मान घालून बसलेत आणि कुठल्यातरी न उघडलेल्या घडीत त्यांचं शेत, त्यांची विहीर निघून चाललीय, असं मला दिसायला लागलं. अजूनही कधीकधी दिसतं.

नानाकाकाचा त्याच संध्याकाळी फोन आला. तो चिडलेला नव्हता, उलट दुखावला होता. "आबांना सांग, मी काही चोरून केलं नाही. जाहीर नोटीस दिली होती पेपरात." गिऱ्हाइकाला पाण्याची बाजू हवी होती, कागदावर बांध नव्हता, त्याने ती लिहून दिली, एवढंच. व्यवहार थांबला. उन्हाळ्यात मोजणी झाली, दगड रोवले गेले, नावं वेगळी झाली. विहीर आमच्याकडे राहिली.

पण मला सांगायचं आहे ते परतीच्या वाटेवरचं. दादा पुढे बसले होते, मी आणि आबा मागे. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांमागे जीप रांगत होती. पोहोचेचा कागद आबांनी टोपीत ठेवला होता. मला राहवेना. मी म्हणाले, "आबा, फोनात नोटिशी नव्हत्याच. कधीच नव्हत्या. मी नुसतीच न्हाय म्हनायची."

आबांनी मांडीवरची पिशवी नीट केली. मग म्हणाले, "ठावं व्हतं मला."

"कसं?"

"पेपर वाचायचीस तवा अडखळायचीस. फोन आल्यापास्नं एकदा बी अडखळली न्हाईस."

"मग बोलला का न्हाय तुमी?"

"तू न्हाय म्हनलीस की च्या गोड लागायचा गं," ते म्हणाले, आणि त्यांनी टोपीवरून हात फिरवून कागद जागेवर आहे का ते बघितलं. त्यांनी मला रागावायला हवं होतं. रागावले असते तर ते तिथेच फिटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज सायकलवर फाट्यापुढच्या मोठ्या एसटी स्टँडपर्यंत जाऊन पेपर आणायला लागले. आबा गेले त्या दिवशीही सकाळी मी त्यांना नोटिशी वाचून दाखवल्या होत्या. आमच्या गावाचं नाव नव्हतं.

आता मी काटेवाडीला असते, सासरी. इथे दोन पेपर येतात, दोन्ही माझ्या हट्टाने. नवरा म्हणतो, बागेला रद्दी होते म्हणून चालवून घेतो. पेपर पूर्वीपेक्षा बारीक झालेत, तालुक्याचं पान कधी असतं, कधी नसतं. ज्या पेपरात आमची नोटीस आली होती त्याचं नाव मला आजवर कळलेलं नाही. ते नाव असलेला शेजारचा तुकडा सापडलाच नाही. असे किती पेपर असतील ज्यांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत, आणि त्यांत आज काय छापून आलं असेल, या विचाराने मला पहाटे जाग येते. दोन पेपर घेऊन काय होतं? पण दोन तरी घेते.

माझी मुलगी सहावीत आहे. वाचनाचा सराव म्हणून सकाळी मी भाकरी करताना तिला मागची पानं वाचायला लावते. ती कंटाळते. पण चतुःसीमा या शब्दाला तीही नेमकी अडखळते, आणि मला बरं वाटतं. परवा माझे हात पिठात होते. तिच्या मांडीवर पेपर उघडा होता. बराच वेळ आवाज आला नाही म्हणून मी विचारलं, "काय आहे का गं आज?"

"नाही आई, काही नाही," ती म्हणाली. एका दमात, कुठेही न अडखळता.

मी तवा खाली उतरवला, हात धुतले आणि तिच्या मांडीवरून पेपर ओढून घेतला.